वर तीन, खाली सात

एकच गोष्ट तो तीन माणसांना विचारायचा. सिमेंट कधी आलं, हे आधी मला विचारणार. मग लोखंड बांधणाऱ्या रहीमला बाजूला घेऊन तेच विचारणार. आणि जाता जाता चपलेतला खडा काढायच्या निमित्ताने चौकीदारापाशी थांबून, जसं काही आत्ताच आठवलं असं तोंड करून, पुन्हा तेच. तिन्ही उत्तरं छोट्या वहीत लिहायचा. वही शर्टाच्या आतल्या खिशात, आणि पेन्सिल दोऱ्याने शर्टाच्या बटणाला बांधलेली. कोणी मागितली तर द्यावी लागू नये म्हणून.

एकदा आम्ही ठरवून त्याला तीन वेगवेगळी उत्तरं दिली. मी म्हटलं सोमवारी आलं, रहीम म्हणाला बुधवारी, आणि चौकीदार म्हणाला सिमेंट आलंच नाही. त्याने तिन्ही लिहून घेतली. मग थप्पीपाशी गेला, सगळ्यात वरच्या पोत्यावरून बोट फिरवलं, बोटाची धूळ उजेडात धरून पाहिली, आणि माझ्याकडे वळून म्हणाला,

"चार दिवसांची धूळ आहे. सोमवार. तुमचं खरं निघालं, मिस्त्री. पण मी तुमच्यावर विश्वास ठेवला असं समजू नका."

रहीम पोट धरून हसला. मी नाही हसलो. चाळीस वर्षं मी स्लॅब टाकतो आहे. माझा एक स्लॅब गळला असेल तर कोणीही येऊन दाखवावा. अशा माणसाला धुळीवरून तपासणारा हा कोण?

तर तो नकाशे काढणारा होता. इंजिनिअर नव्हे. इंजिनिअर वाशिमला बसायचा आणि सही करायचा. हा आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावात, बियाण्यांच्या दुकानावर एक खोली घेऊन कॉम्प्युटरवर कागद बनवायचा, आणि ते कागद घेऊन साइटवरही हाच यायचा. पंचवीस वर्षं पुण्यात हेच काम केलं म्हणे. तिथलं सोडून इकडे कशाला आला, ते कोणाला नक्की माहीत नव्हतं. मीही तीन माणसांना विचारलं. तीन उत्तरं मिळाली. तेव्हापासून मी त्याच्यापासून सावध राहिलो.

साइटवर त्याला सगळे गोलवाले साहेब म्हणायचे. त्याचं कारण सांगतो. घर उभं सुरीने कापलं तर आत कसं दिसेल, अशा चित्राला सेक्शन म्हणतात. त्याच्या सेक्शनवर जागोजागी बारीक गोल असायचे. प्रत्येक गोलात मधोमध आडवी रेघ, रेघेच्या वर एक आकडा, खाली एक आकडा. दुसरे लोक असे गोल चार-पाच काढतात. हा माणूस एका घराला तीस-पस्तीस काढायचा. आणि नवे कागद आणले की ते हातात द्यायच्या आधी परीक्षा घ्यायचा.

"मिस्त्री, गॅलरीवर बोट ठेवा."

मी चौथीपर्यंत शिकलो. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, अंक येतात. पण पहिल्या दिवशी मी बोट ठेवलं नाही.

"तुमी मास्तर आहे का? मी का पोट्टा आहो?" मी म्हटलं.

"पोरगा नाही, म्हणूनच विचारतो. पोराने चुकवलं तर चार विटा पडतील. तुम्ही चुकवलं तर स्लॅब पडेल."

असं बोलायचा. मानही देतोय आणि अंगावरही येतोय, दोन्ही एकाच दमात. मला वाटलं, हा स्वतःला वाचवायची सोय करून ठेवतोय. उद्या काही झालं तर म्हणेल, मी बोट ठेवायला लावलं होतं, वहीत लिहिलंय.

शेवटी बोट ठेवलं. वर तीन, खाली सात. म्हणजे सात नंबरच्या कागदावर तीन नंबरचं चित्र पाहा. सेक्शनमध्ये जी जागा शेंगदाण्याएवढी दिसते, ती तिथे ताटाएवढी काढलेली. कुठली सळई वर, कुठली खाली, वाकवून किती आत न्यायची, सगळं. गोष्ट कामाची होती, हे मी मनात मानलं. तोंडाने नाही.

जुन्या कागदांचा त्याला भारी राग. नवे आणले की जुने मोजून परत घ्यायचा, आणि तिथेच फाडायचा. एकदा नऊ दिले होते, आठच भरले. नववा सापडेना. तो वाळूच्या ढिगावर जाऊन बसला.

"बस निघून जाईन, सायेब," मी म्हटलं.

"जाऊ द्या."

दीड तासाने रहीमच्या डब्याखालून निघाला. भाकरीखाली अंथरला होता, ठेच्याचं तेल पिऊन मऊ झालेला. गोलवाल्याने तो तसाच उचलला, चार तुकडे केले, दुमडून पिशवीत टाकले.

"इतला काय जीव जाते तुमचा एका कागदासाठी?" मी विचारलं.

"एका साइटवर दोन खरे कागद असू शकत नाहीत. एक खोटाच असणार. आणि खोटा कोणता, ते तेल पाहून कळत नाही."

एकदा त्याने मला खोलीवर बोलावलं. का, ते आधी सांगितलं नाही. मला वाटलं साइटच्या मालकाने काही चहाडी केली. वर गेलो तर कॉम्प्युटरला पडदा. खरंच, साडीच्या फॉलसारखा कापडी पडदा शिवून घेतला होता, खिडकीतून कोणी पाहू नये म्हणून. मला स्टुलावर बसवलं आणि आमच्याच कामाचं सेक्शन उघडलं. शिरपूरला रस्त्याला लागून त्याच मालकाचं दोन मजली काम चालू होतं, खाली दुकानं, वर येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी खोल्या, आणि समोर रस्त्यावर पाच फूट बाहेर आलेली गॅलरी.

त्याने गॅलरीच्या गोलावर दोनदा टिचकी मारली. लगेच ताटाएवढं चित्र उघडलं.

"आता नीट बघा." त्याने ते चित्र सातव्या कागदावरून उचललं आणि नवव्यावर नेऊन ठेवलं. मग परत सेक्शनवर आला. गोलात वर एक, खाली नऊ झालं होतं.

"कोनं बदलवलं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. आपोआप. ही दोन चित्रं एकमेकांना बांधलेली आहेत. तिकडे हललं की इकडे कळतं. मी नंबर हाताने लिहीतच नाही कधी." त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद, जसं काही गाय व्याली. मी त्याला तेवढं खूश पुन्हा पाहिलं नाही.

"मले नाई आवडलं," मी म्हटलं.

"का?"

"जो नंबर कोनाले न विचारता बदलते, त्याच्यावर भरोसा कसा ठेवा मानसानं?"

"आणि हाताने लिहिलेला? नंबर तिथेच राहतो, चित्र निघून जातं. त्यावर कसा ठेवता?"

"हातानं लिवनाऱ्याले धरता येते, सायेब. याले कोन धरीन?"

त्याने चित्र परत सातव्या कागदावर आणून ठेवलं, आणि वही काढून माझं बोलणं लिहून घेतलं. ते कशासाठी लिहून घेतलं असेल, याचा विचार करत मी जिना उतरलो.

त्यानंतर मी माझी एक युक्ती काढली. गेरू कालवला आणि साइटवर प्रत्येक जागी तिचा नंबर भिंतीवर लिहून टाकला. जिन्यापाशी जिन्याचा, टाकीपाशी टाकीचा. गॅलरीच्या कॉलमवर वर तीन, खाली सात. आता कोणाला मोठा कागद उघडून गोल शोधायची गरज नाही. रहीमला कोणतीच लिपी वाचता येत नव्हती, पण त्यालाही हे जमलं. आकडा पाहिला, तो कागद काढला, ते चित्र पाहिलं, बांधलं. लोक म्हणाले, मिस्तरीचं डोकं साहेबापेक्षा जास्त चालते. मला ते खोटं वाटलं नाही.

गोलवाला आला, कॉलमसमोर उभा राहिला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"पुसून टाका."

"काहून?"

"मी कागदावरचा नंबर बदलला, तर हा बदलणार आहे का?"

"तुमी कायले बदलवता मंग?"

"पुसा, मिस्त्री."

मला पक्कं वाटलं, याचा जळफळाट झाला. आपल्या कॉम्प्युटरच्या गोलाचं काम चार आण्याच्या गेरूने होतंय, हे त्याला सहन होत नाही. त्याच्यादेखत मी पुसलं. तो गेल्यावर कॉलमच्या आतल्या अंगाला पुन्हा लिहिलं. तिकडे त्याची नजर जात नव्हती.

पुढे मालकाने मागच्या बाजूला वर स्लॅब असलेला एक बोळ वाढवला. कागद नवे आले. गोलवाल्याने जुने मोजून घेतले, फाडले, परीक्षा सुरू केली. जिन्यावर बोट ठेवून झालं. टाकीवर झालं. मग म्हणाला, "गॅलरी."

"ते तोंडपाठ आहे," मी म्हटलं. "दहा खेपा बोट ठेवलं तिच्यावर."

तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. त्याने बसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सोडून दिलं.

मी कारंजाला भाच्याच्या लग्नाला गेलो. दोन दिवस. परत आलो ते स्लॅबच्या दिवशी सकाळीच. खाली पेरू विकणारी एक बाई रोज बसायची, बसची वाट पाहणारे चार लोक तिच्याभोवती उभे. तिने मला हटकलं.

"मिस्तरी, होते का नाई तुमची गॅलरी? दोन साल झाले आमी उनात बसून राह्यलो. सावली पाह्यजे न बाप्पा आमाले."

"आज होते," म्हटलं, आणि वर चढलो.

गॅलरी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. तिचं वजन वरच्या अंगाला ताण देतं, म्हणून तिचं मुख्य लोखंड वर लागतं. खाली बांधलं तर गॅलरी खालचे टेकू काढताच येईल, नाहीतर दोन पावसाळे थांबून येईल, पण खाली येईल. हे मला कोणी कागदावर शिकवलं नाही. वर लोखंड असलं की ते पायाखाली झुलतं. मी गॅलरीवर पाय ठेवला. पाय झुलला नाही. सगळी जाळी खाली, फळ्यांना टेकलेली.

रहीम माझ्याकडेच पाहत होता. "भाऊ, ये नीचे कैसा? मेरे को भी अजीब लगा. पन कागद में ऐसाच है." त्याने कागद दाखवला. कागद सात, चित्र तीन. खरंच लोखंड खाली. चित्राखाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, ते ना त्याला वाचता येत होतं ना मला.

तेव्हा मला जे वाटलं ते लिहितो. मला आनंद झाला. वाटलं, सापडला. तीस गोल काढणारा, तिघांना विचारणारा, धूळ पाहणारा, त्याच्या कागदात एवढी मोठी चूक! येऊ दे त्याला. मालकही येणार आहे. मालकासमोर म्हणेन, सायेब, गॅलरीवर बोट ठेवा.

"कागद में है तो है," मी रहीमला म्हटलं. "मिक्सर चालू कर."

मागच्या खोल्यांकडून काँक्रीटचा माल पडायला सुरुवात झाली. गॅलरी सगळ्यात शेवटी, समोर. मनात हिशेब असा की तो नऊच्या बसने येतो, तोवर मागच्या दोन खोल्याच होतील. नऊची बस आली. तो उतरला नाही.

दहा वाजले. माल मधल्या खोलीत आला. मी म्हटलं, सावकाश घ्या रे. बायांच्या डोक्यावरची घमेली मोजल्यासारखी येत होती. खालून पेरूवालीचं हसणं ऐकू येत होतं. एका शब्दाने मी सगळं थांबवू शकत होतो. माझ्या साइटवर माझ्या शब्दाशिवाय फावडं हलत नाही. तो शब्द तोंडात येत होता आणि मी गिळत होतो. थांबवलं तर मग चूक मी पकडली, त्याने नाही, आणि मालक अजून आलेला नाही, कोण पाहणार? असले विचार करत होतो. रहीम दोनदा माझ्याजवळ येऊन परत गेला.

समोरच्या खोलीत माल पडायला लागला तेव्हा तो दिसला. बस मालेगावातच बंद पडली होती. एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर, दोन्हीकडे कॅन, मधे हा पिशवी छातीशी धरून. शिडी चढून वर आला, कोणाकडे न पाहता सरळ गॅलरीवर गेला, आणि ओरडला.

"थांबवा! बंद करा मिक्सर!"

मिक्सर थांबला. मी पुढे झालो. आता माझी वेळ होती.

"काय झालं, सायेब? कागदावर हाये तसंच बांधलं."

"कुठल्या कागदावर?"

"वर तीन, खाली सात."

त्याने पिशवीतून सेक्शन काढलं, फळ्यांवर पसरलं, आणि मी म्हणायच्या आधीच गॅलरीवर स्वतःचं बोट ठेवलं. वर एक, खाली आठ. आठवा कागद उघडला. पहिलं चित्र गॅलरीचं. लोखंड वर. सातव्या कागदावर तिसरं चित्र आता मागच्या बोळाचं होतं, दोन्हीकडून भिंतीवर टेकलेला स्लॅब, त्याचं लोखंड खालीच असतं. बोळ वाढला म्हणून चित्रं सरकली, नंबर आपोआप बदलले. कागद सगळे खरे होते.

"तीन-सात तुम्हाला कोणी सांगितलं?"

रहीमची नजर फळ्यांच्या फटीतून खाली कॉलमच्या आतल्या अंगाकडे गेली, आणि याची नजर त्याच्या मागे. गेरू चांगला ठसठशीत होता. माझं अक्षर ठसठशीत आहे.

त्याने वाकून ते आकडे पुन्हा वाचले. एरवी तो पुण्याचं बोलायचा. त्या दिवशी त्याच्या तोंडून आमचं निघालं.

"मिस्तरी, हे मी पुसा म्हनलो होतो."

"हाव."

"अन् तुमाले दिसलं नाई का? चाळीस साल झाले तुमाले. लोखंड खाली हाये, हे तुमाले दिसलं नाई?"

मी त्याच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, "नाई. कागदात जे होतं ते बांधलं."

रहीम दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मी वाट पाहिली. आता हा रहीमला बाजूला घेईल. मग चौकीदाराला विचारेल. रहीम खोटं बोलणारा नव्हता.

त्याने विचारलं नाही. वहीही काढली नाही. फळीवर बसला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मग चूक माझी. नंबर हलला, हे मी तुम्हाला तोंडाने सांगायला पाहिजे होतं. त्या दिवशी बस सोडून द्यायला पाहिजे होती." मालक आला तेव्हा त्यालाही हेच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. गेरूचंही नाही.

त्या दिवशी समोरच्या खोलीत पडलेला ओला माल काढून टाकला आणि काम मधल्या भिंतीवर थांबवलं. गॅलरीचं लोखंड आम्ही सोडलं, नवं कापलं, वर बांधलं. दुसऱ्या दिवशी तो आला, गॅलरीवर पाय ठेवून झुलवून पाहिलं, आणि मग माल पडला.

त्यानंतर त्याचे कागद बदलले. प्रत्येक चित्राखाली मराठीत नाव यायला लागलं. जिना. बोळ. टाकी. आणि गॅलरीच्या चित्राखाली, माझ्याच नाही तर तालुक्यातल्या सगळ्या साइटच्या कागदांवर, एक ओळ असायची: लोखंड वर. बांधण्याआधी मिस्त्रींना दाखवा.

कोणावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने हे का लिहिलं? मी पुष्कळ विचार केला. एक म्हणजे त्याला खरंच तसं वाटत असेल. दुसरं म्हणजे त्याला सगळं कळलं असेल, आणि प्रत्येक कागदावर मला ते वाचायला लावायचं असेल. मला अजून दुसऱ्याचाच संशय जास्त येतो. पण पहिलंच जास्त टोचतं.

आता त्याचे डोळे गेले. खोली सोडून तो कारंजाला बहिणीकडे राहतो. मागच्या महिन्यात शिरपूरला त्याच गॅलरीखाली भेटला, बसची वाट पाहत, पेरूवालीशेजारी. दोघं भाव करत होते. तो प्रत्येक पेरू हाताने दाबून पाहत होता, आणि ती म्हणत होती, "दाबून राह्यले काहून, सायेब? पोटातलं सांगते का तो?"

मी बाजूला बसलो. वर पाहिलं. गॅलरीला केसाएवढीही चीर नाही.

"सायेब," मी म्हटलं, "त्या दिवशी मले दिसलं होतं. लोखंड खाली हाये ते. सकाळीच दिसलं होतं."

त्याने पेरू दाबायचा थांबवला. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल, रडेल, काहीतरी करेल.

"कोण म्हणतं?" त्याने विचारलं.

"कोन म्हनीन? मीच म्हनतो."

"एकट्याचं तोंडी सांगणं मी मानत नाही," तो म्हणाला. "रहीमला विचारलं असतं, पण तो आता नाही. लिहून द्या."

"तुमाले वाचता त येत नाई आता."

"बहीण वाचून दाखवेल. लिहून द्या, मिस्त्री."

म्हणून लिहायला बसलो. एका ओळीचं काम होतं, पण ती ओळ हाताखाली येईपर्यंत एवढी पानं गेली. हा कागद घेऊन तो काय करणार आहे, वहीत ठेवणार की मालकाला दाखवणार, मला माहीत नाही. करू दे काय करायचं ते.

गॅलरीचं लोखंड खाली आहे, हे मला माल पडायच्या आधी दिसलं होतं. मी बोललो नाही.

या कागदाची दुसरी प्रत नाही. हा फाडू नये.